टॉनिकच्या बाटलीने हिरड्या बळकट होतात का?

लातूर जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र त्यांच्या सासूबाईंविषयी आहे. वय पंचावन्न. चूळ भरताना रक्त येते, खालचे पुढचे दोन दात हलतात, तोंडाला वास येतो. भाकरी चावत नाही म्हणून चहात बुडवून खातात. अशक्तपणा फार, जिना चढताना दम लागतो. मेडिकलवाल्याने कॅल्शियमच्या गोळ्या, संत्र्याच्या चवीच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ताकदीचे एक टॉनिक दिले. तीन महिने झाले, दर महिन्याला सातशे-आठशे रुपये जातात, फरक काही नाही. याहून चांगली गोळी कोणती ते कळवावे, अशी विनंती आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहज लिहावे तसे लिहिले आहे की सासूबाईंना कसलेही व्यसन नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिसरी लावतात.

भगिनींनो, या पत्राचे उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे. परंतु टॉनिक आणि गोळ्यांचा प्रश्नही बाजूला टाकण्यासारखा नाही. आपल्या वस्त्यांमध्ये, गावच्या वाड्यांमध्ये या बाटल्यांवर किती पैसा जातो ते घरोघरच्या कोनाड्यांकडे पाहिले तरी कळते. म्हणून आज गोळ्यांविषयी सविस्तर लिहिते.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे. अंगात ताकद राहिली नाही म्हणून दात हलू लागले, तेव्हा ताकदीचे औषध घेतले की दात पुन्हा घट्ट होतील. वस्तुस्थिती बहुतेक घरांत नेमकी उलटी असते. आधी हिरड्या बिघडतात. मग चावताना दुखते. मग कडक भाकरी, काकडी, पेरू, हरभरे, मटणाचा तुकडा, सुकी मासळी हे सारे एकेक करून ताटातून निघून जाते आणि चहा, खारी, बिस्किट, मऊ भात एवढेच उरते. लोह गेले, प्रथिने गेली, क जीवनसत्त्व गेले. मग अशक्तपणा येतो आणि त्या अशक्तपणासाठी टॉनिक आणले जाते. अशक्तपणाने दात जातात त्यापेक्षा दात गेल्याने अशक्तपणा येतो, ही घडामोड कितीतरी अधिक वेळा घडते. तिची सुरुवात हिरडीपासून होते आणि हिरडीवरचा उपाय बाटलीत मिळत नाही.

हिरडीतून रक्त का येते ते आधी पाहू. दातांवर, विशेषतः हिरडीच्या कडेला, रोज एक चिकट थर साचतो. तो जंतूंचा असतो. ब्रशने किंवा काडीने नीट घासले तर निघतो. राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसून तो दगडासारखा कडक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण कुठल्याही ब्रशने निघत नाही. त्याच्या शेजारची हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. इथपर्यंत सगळे पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाले तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण पडते, आणि ज्या हाडात दात रोवलेला असतो ते हाड झिजू लागते. लोक याला पायोरिया म्हणतात. गेलेले हाड गोळी खाऊन परत येत नाही. म्हणून कीटण काढून घेणे, ज्याला दंतवैद्य स्केलिंग म्हणतात, हा पहिला उपाय. कीटण तसेच ठेवून टॉनिक पिणे म्हणजे भिंतीच्या पायात पाणी मुरत असताना वरून चुन्याचा हात फिरवणे.

मशीनने दात साफ केले की ते ढिले होतात, असे अनेक जणी सांगतात. यात एवढेच खरे की दातांच्या फटीत बसलेला दगड निघाला की फट दिसू लागते, काही दिवस गार पाण्याने ठणका लागतो, आणि कीटणाने धरून ठेवलेला दात हलताना जाणवतो. तो आधीच ढिला झालेला असतो. पुढे हिरडीची सूज उतरली की ती दाताला पुन्हा बिलगते.

आता गोळ्यांकडे येऊ. क जीवनसत्त्वाचे नाव हिरड्यांशी जोडले गेले ते उगाच नाही. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजून काळ्या-निळ्या होत, दात गळत, जुन्या जखमा उघडत आणि माणसे मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातल्या डॉक्टरने सॅलिसबरी नावाच्या जहाजावर बारा आजारी खलाशी निवडले, दोन-दोनांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले ते काही दिवसांत उठून बसले. फळेही सहा दिवसांतच संपली होती, तरी फरक दिसला. कोणी थोर माणूस सांगतो म्हणून मानले नाही, करून पाहिले आणि मग मानले. तथागतांनी कालामांना जे सांगितले तेही याच जातीचे आहे.

पण लिंडच्या त्या प्रयोगावरून आज दुकानदार जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे. स्कर्व्ही टाळायला दिवसाला दहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेले प्रमाण पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम आहे. चघळायच्या गोळीत बहुधा ५०० असते. गरजेपेक्षा जास्त गेलेले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम मिळते, म्हणजे अर्धा पेरू खाल्ला की दिवसाचे काम झाले. आवळा त्याहूनही वरचढ. पेरू-आवळ्याचा हंगाम नसेल तेव्हा लिंबू, कोथिंबीर, हिरवी मिरची, कोबीची कच्ची कोशिंबीर, मोड आलेली मटकी. लिंबू भाजीवर शिजताना न पिळता ताटात पिळावे, कारण आचेवर हे जीवनसत्त्व नष्ट होते. म्हातारपणी एकटे राहून फक्त चहा-पावावर दिवस काढणारे, दारूच्या आहारी गेलेले, दीर्घ आजारी, अशांना याची कमतरता खरोखर होऊ शकते. त्यांच्या हिरड्यांबरोबर पायाच्या कातडीवर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके दिसतात, पाय दुखतात. त्यांना डॉक्टरांनी गोळी द्यावी, ती घ्यावी. बाकीच्यांना, ज्यांच्या दातांवर कीटणाचा थर आहे, त्यांना पेरूही कीटणातून सोडवणार नाही आणि गोळीही नाही.

उलट त्या आंबट गोळीचा एक तोटा आहे, तो कोणी सांगत नाही. ती आम्लच असते. गालात धरून हळूहळू चघळली तर दातावरचे कठीण आवरण विरघळते. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी पाण्याबरोबर गिळायची गोळी मागावी. मुतखडा होऊन गेलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्या मात्रेची गोळी घेऊच नये.

कॅल्शियमची गोष्ट थोडी वेगळी आहे. बाळंतपणात बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, एक मूल म्हणजे एक दात, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. हे खरे नाही. दाताचे वरचे आवरण एकदा तयार झाले की त्यात रक्त फिरत नाही, त्यातून कॅल्शियम काढून घेण्याची वाटच नाही आणि गोळी खाऊन त्यात भर घालण्याचीही नाही. आईच्या हाडांवर मात्र ताण येतो. मग गरोदरपणात दात का जातात? शरीरातील संप्रेरके बदलतात, त्यामुळे थोड्याशा कीटणानेही हिरडी फार सुजते, हे एक. सकाळच्या उलट्यांचे आम्ल दातांना लागते, हे दुसरे. उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता आधी पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने घासावे. आणि गरोदर बाईने दाताच्या डॉक्टरकडे जायचे नसते या समजुतीमुळे नऊ महिने ती तशीच राहते, हे तिसरे आणि सर्वात मोठे कारण. चौथा ते सहावा महिना या उपचाराला सोयीचा असतो. दिवस गेल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे म्हणजे झाले.

गरोदरपणी कॅल्शियमची गोळी मात्र घ्यावीच, आणि ती विकत घ्यायची गरज नाही. सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून दिवसातून दोनदा, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व असलेली गोळी, बाळंत झाल्यावरही सहा महिने चालू ठेवायची असते. लोहाची गोळीही मिळते. आपल्या आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईला हक्काने विचारा. या दोन गोळ्या एकत्र मात्र घेऊ नका. कॅल्शियम लोहाला शरीरात शिरू देत नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर, आणि लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास अंतर ठेवून. चहाबरोबर लोहाची गोळी घेणे म्हणजे ती मोरीत टाकणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाची गोळी ही चैन नाही, ती बाटलीतल्या रंगीत टॉनिकपेक्षा अधिक कामाची आहे.

बाकीच्या मोठ्या माणसांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पाळी गेलेल्या स्त्रीला थोडे जास्त. दात ज्या जबड्यात बसतात त्या हाडाला ते लागते, म्हणून कमी पडू देऊ नये. आता आपल्या ताटाकडे पाहा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिच्यात कॅल्शियम फारसे नाही, शंभर ग्रॅमला तीस मिलिग्रॅमही नाही. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास आहे, म्हणजे दहापटीहून जास्त. कोकणातल्या लोकांना हे सांगावे लागत नाही, मराठवाड्यात आणि विदर्भात मात्र नाचणी फार घरांत येत नाही. पीठ दळायला देताना ज्वारीत चौथा हिस्सा नाचणी घातली तरी चव बिघडत नाही. न सोललेल्या तिळात शंभर ग्रॅमला हजाराहून जास्त कॅल्शियम आहे, तेव्हा तिळाची, कारळ्याची चटणी ही तोंडी लावणे नव्हे, औषध आहे. शेवग्याचा पाला आणि राजगिऱ्याची भाजी यांतही तीनशेच्या वर आहे, आणि शेवगा कुंपणाला फुकट उगवतो. ज्या घरात सुकट, बोंबील, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी शिजते त्यांना दुधाची चिंता करायला नको. ड जीवनसत्त्व नसेल तर हे सारे कॅल्शियम शरीरात नीट शिरत नाही. शेतावर राबणाऱ्या बाईला ते उन्हातून मिळते, चाळीच्या आतल्या खोलीत दिवसभर शिवणकाम करणाऱ्या मुलीला मिळत नाही. अशा वेळी हाडे दुखत असतील तर तपासून घेऊन डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा घ्यावी. ड जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठते. म्हणून शेजारणीने सांगितले म्हणून महिनोन् महिने घ्यायची ही गोळी नाही.

चुना खाण्याचा सल्ला सध्या मोबाईलवर फिरत असतो. चुन्यात कॅल्शियम असते हे खरे, पण तो तोंडाच्या आतली नाजूक कातडी भाजतो, आणि आपल्याकडे तो बहुधा तंबाखूच्या सोबतच तोंडात जातो. या वाटेला जाऊ नये.

जीभ गुळगुळीत लाल होणे, तिखट न सोसणे, ओठांचे कोपरे चिरणे, तोंड वारंवार येणे ही मात्र खरोखर कमतरतेची लक्षणे असू शकतात. यात ब गटातील जीवनसत्त्वे आणि लोह यांचा संबंध असतो. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते अंडी, मासळी, मांस, दूध यांत असते. शिबिरातून आल्यावर आपल्यातील अनेक उपासक-उपासिकांनी मांसाहार सोडला आहे. त्यांच्या निष्ठेचा आदर आहे, परंतु मांसाच्या जागी दूध-अंडी काहीच आले नाही तर चार-पाच वर्षांत जिभेची जळजळ आणि पायांना मुंग्या सुरू होतात. दुसरीकडे, ज्यांना खायचे आहे त्यांच्या ताटातूनही २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा स्वस्त मांस गेले, आणि त्याबरोबर लोह आणि बी-१२ चा एक मोठा स्वस्त आधार गेला. पोषणावर भाषणे करणाऱ्यांनी याचा विचार क्वचितच केला. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही बी-१२ कमी पडते. रक्ताची तपासणी करून घेऊन गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यास या तक्रारी जातात. या बाबतीत औषध खरेच औषध आहे.

अलीकडे हिरड्यांसाठी म्हणून को-एन्झाइम क्यू-टेन, कोलॅजेनची पूड, जंतूंच्या चोखायच्या गोळ्या असले महागडे प्रकारही दुकानांत दिसतात. कीटण काढण्याऐवजी ते घेऊन हिरडी बरी होते असा भरवशाचा पुरावा नाही. हजार रुपयांचा डबा घेण्यापेक्षा त्या पैशात महिनाभर रोज दोन अंडी येतात.

आता मिसरी. पत्रलेखिका भगिनीने ते व्यसनांत धरले नाही, यात तिचा दोष नाही. आपल्यात कोणीच धरत नाही. दारू पिणारा नवरा, गुटखा खाणारा मुलगा यांच्याविरुद्ध महिला मंडळात तावातावाने बोलणारी बाई सकाळी उठून डबी उघडते आणि बोटाने मिसरी फिरवते. मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर किंवा खापरावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची. भाजल्याने तिच्यातले निकोटिन नाहीसे होत नाही. मशेरी म्हणा, मिसरी म्हणा, दात घासण्याचे साधन म्हणून ती घरात शिरली आणि दिवसातून दोनदाची चारदा, सहादा झाली. बहुतेक जणींची सुरुवात बारा-तेरा वर्षांची असताना दाढ दुखल्यावर आई किंवा आजीने बोटावर दिलेल्या चिमटीने झालेली असते. ठणका थांबतो हे खरे, कारण तंबाखूने जागा बधिर होते. भूकही मारली जाते. दुष्काळात, खुरपणीच्या दिवसांत, घरातल्या सर्वांचे झाल्यावर उरलेल्यात जेवणाऱ्या बाईला भूक मारणारी ही वस्तू का प्रिय झाली ते समजायला फार शहाणपण लागत नाही. म्हणून मिसरी लावणाऱ्या आजीला तिरस्काराने बोलू नये.

परंतु तिने काय होते ते स्पष्ट सांगितले पाहिजे. जिथे रोज मिसरी लागते तिथली हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, दाताची मान झिजते. तंबाखूने तिथला रक्तपुरवठा आकसतो, त्यामुळे हिरडी आतून सडत असतानाही कधी कधी रक्त कमी येते, आणि मिसरीने हिरड्या घट्ट राहतात असा भ्रम होतो. गरोदरपणी लावली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. आणि तोंडाचा कर्करोग आहेच. दात घासायच्या पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीला कायद्याचा हात पोचत नाही. तिथे घरातल्या माणसांनीच पोचले पाहिजे. पंचशीलाचे पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. ते फक्त पुरुषांच्या बाटलीसाठी आहे असे कोणी म्हणू नये.

सोडताना पहिले पंधरा दिवस कठीण असतात. डोके दुखते, चिडचिड होते, आणि मुख्य म्हणजे पोट साफ होत नाही. मिसरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही असे बायका सांगतात ते खोटे नाही, आतड्यांना निकोटिनची सवय लागलेली असते. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके, जेवणात पालेभाजी, आणि थोडे चालणे यांनी दोन-तीन आठवड्यांत पोट ठिकाणावर येते. डबी आधी घराबाहेर काढावी. हाताला चाळा म्हणून बडीशेप, ओवा, लवंग ठेवावी. मिसरीच्याच ठरलेल्या वेळी ब्रश हातात घ्यावा, म्हणजे वेळ मोकळी राहत नाही. एकटीने जमत नसेल तर तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा आहे. तंबाखूच्या पाकिटांवरच हा क्रमांक छापलेला असतो. आणि सूनबाईने मिसरीसाठी तंबाखू आणून देणे बंद करताना सासूबाईंशी अबोला धरू नये. त्या दिवसांत त्यांना रागाची नव्हे, सोबतीची गरज असते.

दात स्वच्छ ठेवण्याची शिकवण आपल्याला परकी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात दंतकाष्ठाची कथा आली आहे. भिक्खू दात घासत नव्हते, तोंडाला दुर्गंधी येई. तेव्हा भगवंतांनी दात न घासण्याचे पाच तोटे सांगितले, त्यांत दुर्गंधी आणि अन्नाची चव न लागणे हेही आहेत, आणि काडी वापरण्याची अनुज्ञा दिली. पुढचा प्रसंग मोठा मजेचा आहे. काही भिक्खू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच सामणेरांना मारू लागले. मग काडी आठ बोटांहून लांब नसावी असा नियम झाला. त्यावर कोणी इतकी आखूड काडी घेतली की ती घशात अडकली. मग चार बोटांहून आखूड नसावी असेही ठरले. दात घासण्यासारख्या साध्या गोष्टीतही जे घडले ते पाहून नियम दुरुस्त करत जाणारा शास्ता आपल्याला लाभला.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी आजही चालते, मात्र तिचे टोक चावून मऊ कुंचला करावा आणि हिरडीवर आडवी रगडू नये. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट सर्वात बरी. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, खरखरीत लाल मंजन यांनी दात झिजतात. रात्री झोपण्यापूर्वी एकदा घासणे हे सकाळपेक्षाही महत्त्वाचे. दाताची कीड धुरी देऊन काढतो म्हणणारा माणूस बाजारात बसलेला दिसला तर त्याच्यासमोर बसू नका, दातात अळी नसते. दात किडतो तो साखरेवर जगणाऱ्या जंतूंच्या आम्लाने.

मुलांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या. जेलीसारख्या गोड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दाताला चिकटून बसतात, त्या नकोत. लोहाचे औषध पाजल्यावर मुलाचे दात काळे पडले म्हणून ते बंद करू नका. तो वरचा डाग आहे, घासून किंवा साफ करून निघतो. औषध जिभेच्या मागच्या बाजूला घालावे आणि वर पाणी पाजावे. फ्लोराइडच्या गोळ्या स्वतःहून कधीही देऊ नयेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आधीच जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. त्या मुलांना अधिक काही देण्याची नव्हे, पिण्याचे पाणी बदलण्याची गरज आहे आणि ती मागणी ग्रामसभेत लावून धरली पाहिजे.

चाळिशीनंतर हिरड्या एकाएकी बिघडल्या, गळू येऊ लागले, दात भराभर हलू लागले, तर साखर तपासून घ्यावी. मधुमेहात हिरडीचा रोग जोर धरतो, आणि हिरडी सडलेली असेल तर साखरही आटोक्यात येत नाही. या मधुमेहाने बाबासाहेबांच्या देहाला किती छळले ते आपण जाणतोच. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि फिटची फेनिटॉइन या गोळ्यांनीही काहींच्या हिरड्या फुगतात. त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगाव्यात. तापाबरोबर हिरडीतून रक्त येऊ लागले, अंगावर ठिपके उठले, तर मात्र दातांचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि तोंडातला पांढरा चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तोंड पूर्वीइतके उघडत नाही, तर एक दिवसही वाट पाहू नये.

उपचार खर्चिक असतात म्हणून माणसे टॉनिककडे वळतात हे कळते. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे खाजगी दवाखान्याच्या मानाने फारच थोड्या पैशांत काम होते. रांग असते, दोन-तीन फेऱ्या पडतात. जिल्हा रुग्णालयातही दंतविभाग असतो. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी महिला विहारात जमतातच. त्या तीन महिन्यांत एका पौर्णिमेला जवळच्या दंत महाविद्यालयाला पत्र देऊन तपासणी शिबिर बोलावणे कोणत्याही मंडळाला शक्य आहे. आपल्यातली किती मुले-मुली आज दंतवैद्यकीचे शिक्षण घेत आहेत, त्यांना हे काम सांगा.

लातूरच्या भगिनीने सासूबाईंना याच आठवड्यात दाखवावे. हलणारे दोन्ही दात जातीलच असे नाही, हाड किती उरले आहे ते एक्स-रेवरून ठरेल. जाताना सर्व चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगावे, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून रिपोर्ट सोबत ठेवावा, आणि मिसरी किती वर्षांपासून आहे हे न लाजता सांगावे. चघळायची गोळी आणि टॉनिक आजपासून बंद केले तरी चालेल. कॅल्शियम चालू ठेवायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. तोवर भाकरी चहात न बुडवता डाळीत किंवा मटणाच्या रश्शात कुस्करून द्यावी, वर लिंबू पिळावे, आणि पेरू चावत नसेल तर त्याची कोशिंबीर किसून द्यावी.